तात्यांच्या शेजारी १९ सकाळी: वाशीच्या फळबाजारातलं एक प्रकरण

आधी आकडे सांगतो, कारण या सगळ्याची सुरुवात आकड्यांनीच झाली. एप्रिल २०२३ चा तिसरा आठवडा. ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या वहिनीने वाशीच्या फळबाजारातून हापूसच्या पाच डझनी ४० पेट्या उचलल्या, पेटीमागे ३,२०० रुपये, म्हणजे १ लाख २८ हजार. ९०० रुपये डझनाने २०० डझन जायचे होते आणि ते सगळे आधीच बुक, व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेतलेल्या, पैसे पण आलेले. म्हणजे १ लाख ८० हजार हातात, त्यातून टेम्पो, हमाली, खोकी-पिशव्या धरून ६ हजार गेले तरी ४६ हजार सुटायला हवे होते. आणि झालं काय, तर पुढच्या दहा दिवसांत ७१ डझनांच्या तक्रारी आल्या. कोणाचा आंबा आतून पांढरट, स्पंजासारखा, कोणाचा पिकायच्या आधीच सुरकुतला, कोणाचा एका रात्रीत उतरला. वहिनीने एकाशीही वाद घातला नाही, सगळ्यांना पूर्ण पैसे परत केले, ६३,९०० रुपये. म्हणजे ४० पेट्या विकून वर १७,९०० चा खड्डा.

मी तिचा दीर, महापेला नोकरी करतो, तिचा हिशोब एक्सेलमध्ये मीच ठेवतो. त्यामुळे हे आकडे ऐकीव नाहीत, माझ्याच हाताने टाकलेले आहेत आणि त्या रविवारी रात्री टाकताना माझ्या पोटात गोळा आला होता. वहिनी शेजारी बसून शांतपणे बघत होती आणि एवढंच म्हणाली, "भाऊजी, मला आंब्यातलं काही कळत नाही हो, आणि मी आंबे विकतेय."

हे वाक्य मी पुढे कितीतरी वेळा आठवलं, कारण पुढचं सगळं त्याच वाक्यातून निघालं. पण तिथपर्यंत पोचायच्या आधी ती दोन जणांकडून शिकली होती आणि ते दोघेही आपापल्या जागी खरे होते, म्हणून त्यांचं पण नीट सांगतो.

पहिला म्हणजे ऑनलाइन कोर्सवाला. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. घरगुती बिझनेस कसा वाढवायचा याचा कोर्स, फी १४,९९९, आठ आठवडे. वहिनीची नोकरी २०२१ च्या शेवटी गेली होती, २०२२ ला तिने ओळखीच्या लोकांत ६० एक पेट्या विकल्या होत्या, थोडे पैसे सुटले होते, मग तिला वाटलं की आता हे नीट शिकून करावं. आता लोक म्हणतील हे असले कोर्स म्हणजे फसवणूक. तर नाही, इथे तसं झालं नाही. त्याने शिकवलं ते सगळं चाललं. फोटो कसा काढायचा, सोसायटीच्या ग्रुपवर कोणत्या वेळी टाकायचं, आगाऊ पैसे घ्यायची भीड कशी मोडायची, हे वहिनीने जसंच्या तसं केलं आणि ऑर्डरी चौपट झाल्या. तोटा एवढा मोठा झाला तोच मुळी त्यामुळे. आधी १० पेट्या आणायची, त्यातले चार आंबे खराब निघाले तर शेजारीण हसून सोडून द्यायची, आता ४० आणल्या आणि घेणारे सगळे अनोळखी.

तो माणूस गिऱ्हाईक आणण्यात तरबेज होता, त्याचा पुरावाही होता. फक्त त्याने आयुष्यात एक पेटी आंबा विकत घेतलेला नव्हता. आपण काय करतो, एखादा माणूस यशस्वी दिसला की त्याला सगळ्यातलंच कळतं असं धरून चालतो आणि मग आपल्याला जिथे ठेच लागणार आहे नेमकं त्याबद्दल त्याला विचारतच नाही. वहिनीने आठ आठवड्यांत त्याला एकदाही विचारलं नाही की आंबा निवडायचा कसा, आणि विचारलं असतं तरी तो काय सांगणार होता.

दुसरे म्हणजे आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका. राजापूरकडे त्यांची स्वतःची बाग, दहा-बारा वर्षं सोसायटीत आंबा देतात, एक तक्रार नाही. काकांनी मनापासून सांगितलं, तासभर बसवून सांगितलं. पण त्यांचं ज्ञान म्हणजे त्यांची झाडं. कोणत्या झाडाचा आंबा कधी काढायचा, कोणत्या कलमाला साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, जास्त निघतो, हे त्यांना पाठ. बाजारात उभं राहून अनोळखी माणसाच्या अनोळखी बागेची बंद पेटी घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. वहिनीचं काम नेमकं तेवढंच होतं.

आता तिसरे.

तक्रारी आल्यावर वहिनी पहाटे साडेचारला स्कूटर घेऊन वाशीला गेली, जिथून माल घेतला त्या गाळ्यावर. पैसे परत मिळतील अशी आशा नव्हतीच, पण निदान सांगावं म्हणून. गाळेवाल्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ताई, पेटी उघडून बघून घेतली होती ना तुम्ही, मग आता काय बोलणार. त्याचंही बरोबरच होतं. बाजूला एका उलट्या खोक्यावर एक गृहस्थ बसले होते, पांढरा लेंगा, खांद्यावर टॉवेल. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणेन. त्यांनी विचारलं, "पेटीतला कुठला आंबा बघितलास पोरी?" वहिनी म्हणाली, वरचे दोन-तीन काढून बघितले, छान होते. तात्या म्हणाले, "वरचा थर दाखवायलाच लावलेला असतो."

तात्या १९७४ साली पंधराव्या वर्षी क्रॉफर्ड मार्केटात कामाला लागले. १९९६ ला फळबाजार मुंबईतून इकडे नवी मुंबईत आला तेव्हा तेही आले. म्हणजे वहिनीला भेटले तेव्हा ४९ सीझन झाले होते. काम एकच, माल निवडणं. कोणती पेटी कोणत्या गिऱ्हाइकाला, कोणती आज काढायची, कोणती ठेवायची, कोणती घ्यायचीच नाही. पण माझ्या मते त्यांचा खरा दाखला ४९ हा आकडा नाही, इतकी वर्षं बाजारात असून काही न कळणारेही असतात. तात्यांनी एका सीझनला स्वतःचे पैसे घालून एक अख्खा ट्रक माल उचलला होता आणि तो तोट्यात गेला, त्याचं कर्ज ते पाच वर्षं फेडत होते. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, कुठे चुकलो ते पण सांगितलं. चुकीची किंमत स्वतःच्या खिशातून भरलेली आणि तरीही त्याच कामात टिकलेला माणूस, वहिनीला असाच हवा होता.

आणि दुसरी गोष्ट. वहिनीने विचारलं, साका बाहेरून कसा ओळखायचा? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, साका म्हणजे हापूस वरून एकदम देखणा, पण कापल्यावर कोयीजवळचा गर पांढरट-पिवळा, भुसभुशीत, आंबट आणि वास मारणारा. हापूसला हा त्रास जास्त. तात्या म्हणाले, "बाहेरून कळत नाही. कळतो म्हणेल तो खोटं बोलतोय." वहिनी घरी येऊन मला म्हणाली, भाऊजी, मला याच माणसाकडून शिकायचंय. मी म्हटलं, अगं पण त्यांनी तर सांगितलं की कळत नाही. ती म्हणाली, म्हणूनच. तिच्या आधीच्या दोन्ही गुरूंनी 'मला माहीत नाही' हे शब्द एकदाही उच्चारले नव्हते.

मग १९ सकाळी झाल्या. मे २०२३ मधल्या.

पहिल्या दिवशी ती मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला लागली. तात्यांनी हाताने मोबाइल खाली केला, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "फोनमधून बघशील तर फोनलाच कळेल." मग ती नुसती उभी राहिली. ट्रक रिकामे होतायत, माथाडी डोक्यावरून पेट्या नेतायत, जमिनीवर सगळीकडे पेंढा, आणि त्या वासात तुम्ही दहा मिनिटं उभे राहिलात की तुमचं नाक बंद पडतं, सगळंच हापूस वाटायला लागतं. वर दिव्यांचा उजेड असा की हिरवा आंबाही पिवळसर दिसतो. तात्यांनी दिलेली पहिली शिकवण हीच, उजाडेपर्यंत रंगावर जाऊ नको.

तात्या काय करायचे ते वहिनीने मला इतक्यांदा दाखवलंय की मी डोळे मिटून सांगू शकतो. पेटीची वरची फळी उचकटायची, पेंढा बाजूला सारायचा, पण वरच्या आंब्यांना हातच लावायचा नाही. कोपऱ्यातून हात सरळ खाली, दुसऱ्या-तिसऱ्या थरापर्यंत, आणि तिथे हात दोन-तीन सेकंद थांबायचा. मग एक आंबा वर यायचा. अंगठा देठाभोवती फिरायचा, आंबा नाकाजवळ जायचा, पुन्हा होता तिथे ठेवायचा, पेंढा वर, फळी बंद. आणि तोंडातून एकच शब्द. "गुरुवार." किंवा "आज." किंवा "नको."

वहिनी विचारायची, तात्या, कसं कळलं? तात्या म्हणायचे, "कळतं."

चार दिवस हेच. पाचव्या दिवशी वहिनी जरा खट्टू होऊन आली. तात्या लपवत नव्हते, हे तिलाही दिसत होतं. त्यांना खरंच सांगता येत नव्हतं. मी ऑफिसात ट्रेनिंगचं काम बघतो, त्यामुळे मला एक जुना अभ्यास माहीत होता, तो मी तिला सांगितला. कोंबडीचं एका दिवसाचं पिल्लू नर की मादी हे ओळखणं फार अवघड असतं, त्याची पद्धत जपानमध्ये बसवली गेली आणि त्यातले जाणकार पिल्लू हातात घेऊन क्षणात सांगतात. वर्षानुवर्षं समज असा होता की हे शब्दांत सांगताच येत नाही, हजारो पिल्लं हाताळूनच येतं. १९८७ साली बिडरमन आणि शिफ्रार या दोन संशोधकांनी एका अनुभवी जाणकाराशी बोलून त्याची नजर नेमकी कुठे जाते आणि तिथे कोणता आकार दिसला की काय समजायचं, हे काढून घेतलं आणि एका पानावर लिहिलं. ज्यांनी आयुष्यात कधी हे काम केलं नव्हतं अशा लोकांना ते पान वाचायला दिलं, तर फोटो बघून नर-मादी सांगण्यात ती माणसं जाणकारांच्या बरोबरीला आली. फोटोंवर हं, प्रत्यक्ष पिल्लू हातात धरण्याचं कसब वेगळंच.

मी म्हटलं, वहिनी, तू तात्यांना 'कसं कळलं' विचारतेस, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नाहीये. 'हात कुठे होता' ते विचार.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तात्या, हात आत घातल्यावर तुम्ही थांबता, ते कशासाठी?" तात्या थांबले, आणि वहिनी सांगते की त्यांनी स्वतःच्या हाताकडे असं बघितलं जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. परत पेटीत हात घातला. मग म्हणाले, "ऊब बघतो."

आंबा पिकायला लागला की श्वसन वाढतं, पेंढ्यात दडपलेल्या पेटीत ती ऊब साठते, आतला थर हाताला कोमट लागतो. हे शास्त्र पुस्तकात आहेच. पण तात्यांचा हात त्या उबेवरून दिवस मोजत होता आणि ते त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या हाताखालच्या पोरांनाही ते फक्त "बघ" म्हणायचे.

त्यानंतर मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. अंगठा देठाभोवती का फिरतो, तर खांदे भरलेत का ते बघायला. तयार झाल्यावर झाडावरून काढलेल्या हापूसचे खांदे देठापेक्षा वर आलेले असतात आणि देठ खड्ड्यात गेलेला वाटतो, कोवळा काढला असेल तर खांदे उतरते लागतात, आणि तोच आंबा नंतर पिकण्याऐवजी सुरकुततो. आमच्या ७१ डझनांतले बरेचसे हेच होते, भाव चढा असताना कोणीतरी घाईने काढलेले. देठ थोडा ठेवून काढलाय का, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे नंतर काळा डाग पडतो. रंग पिवळाधमक आणि देठाजवळ वासच नाही, तर पेटी बंद करून पुढे जायचं. कार्बाइडने आंबा पिकवायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, इथिलीन गॅस ठरलेल्या मर्यादेत चालतो, पण तात्यांना कायद्याची कलमं माहीत नाहीत, नाकाला माहीत आहे.

साक्याचं मात्र त्यांनी कधीच ओळखतो म्हटलं नाही. ते फक्त धोका कमी करायचे. फार मोठं फळ नको, झाडावर अगदी पूर्ण तयार होईपर्यंत ठेवलेलं नको, काढल्यावर उन्हात तापलेल्या जमिनीवर पडून राहिलेला माल नको, आणि ऐन उकाड्यातला माल घ्यायचा तर बाग ओळखीची असेल तरच. हे सगळं दापोलीच्या कृषी विद्यापीठातले लोकही आपल्या भाषेत सांगतातच की साका वाढायला उष्णता कारणीभूत होते आणि फळ थोडं आधी, ८०-८५ टक्के तयार असताना काढलं तर तो कमी येतो. दोघांचं जुळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

पण नुसतं ऐकून वहिनीला काही आलं नसतं. तिने जे केलं ते माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे. सातवीच्या पोराची रिकामी वही घेतली आणि रोज दहा पेट्यांवर, तात्यांनी तोंड उघडायच्या आत, स्वतः हात घालून आपला अंदाज लिहायचा: आज, तीन-चार दिवस, आठवडा, किंवा नको. मग तात्यांचं लिहायचं. मग घरी येऊन दोन्ही शेजारी शेजारी. पहिल्या सात दिवसांत ७० पैकी ३३ जुळले. म्हणजे चार पर्यायांत आंधळ्या अंदाजापेक्षा बरं, पण निम्म्याहून कमीच. शेवटच्या पाच दिवसांत ५० पैकी ४१. मधल्या काळात ती काय वेगळं करत होती हे मी वहीत बघितलंय, जिथे जुळलं नाही तिथे समोर एक ओळ लिहिलेली: "खांद्याला फसले, ऊब बघितली नाही" किंवा "नाक बंद होतं, बाहेर जाऊन यायला हवं होतं".

शेजारी उभं राहणं आणि आधी स्वतः बोलून मग चूक कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तात्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेली पोरं आहेत, ती चांगली हमाली करतात, पण निवड अजून तात्यांनाच विचारतात. त्यांना कोणी आधी विचारलंच नाही की तुझं काय मत. ती बघत राहिली, तात्या सांगत राहिले.

मोबदल्याचं सांगायचं राहिलं. तात्यांनी पैसे घेतले नाहीत, वहिनीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं तर येऊ नको म्हणाले. पण फुकट शिकणं तिलाही पटत नव्हतं. तिने काय केलं, तर तिच्या गिऱ्हाइकांना सांगितलं की आंबा कापलात की फोटो पाठवा, चांगला असो वा वाईट. आणि पेटीवर बागायतदाराचा जो मार्का असतो तो प्रत्येक ऑर्डरसमोर लिहून ठेवला. महिन्याभरात तिच्याकडे अडीचशेच्या वर कापलेल्या आंब्यांचे फोटो मार्क्यासकट जमले. ते तिने तात्यांना दाखवले. तात्या बराच वेळ एकेक फोटो सरकवत बसले. मग म्हणाले, "आमच्याकडून पेटी गेली की गेली. आत काय निघालं ते मला कधी दिसलंच नाही." किरकोळवाला येऊन शिव्या देऊन जायचा तेवढंच कळायचं. एका मार्क्याचा माल ते वर्षानुवर्षं डोळे मिटून चांगला म्हणायचे, फोटोंत त्याच्यात साका सगळ्यात जास्त निघाला. पुढच्या सीझनला तात्यांनी त्या मार्क्याला हात लावला नाही. इतकी वर्षं मुरलेल्या माणसाने एका पोरीच्या मोबाइलवरचे फोटो बघून आपलं मत बदललं, मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटला.

आता थोडं उलट पण सांगायला हवं, नाहीतर हे एकतर्फी होईल. २०२४ ला वहिनी तात्यांचं सगळं जसंच्या तसं करत होती आणि दोन ठिकाणी ते तिला लागू पडलं नाही.

एक, तात्यांची पेटी म्हणजे एकसारखी पेटी, सगळे आंबे एकाच दिवशी तयार. घाऊक गिऱ्हाइकाला, ज्यूसवाल्याला, हॉटेलवाल्याला तेच हवं असतं. पण घणसोलीतल्या चार माणसांच्या घरात दोन डझन आंबे एकाच गुरुवारी तयार झाले तर शनिवारी अर्धे उतरतात आणि मग ती बाई वहिनीलाच फोन करते. तर वहिनीने घरी पेट्या फोडून डझन वेगळे लावायला सुरुवात केली, चार आज खायचे, चार दोन-तीन दिवसांनी, चार आठवड्याच्या शेवटी, वर चिठ्ठी. हे तात्यांना पहिल्यांदा अजिबात पटलं नाही, चांगली पेटी फोडतात का असं. पण तात्यांनी कधी कोणाच्या घरी आंबा पोचवलेला नाही, आणि इथे त्यांचं काम संपून तिचं सुरू होतं हे वहिनीला कळलं, मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरं, सात डझनी पेटी. फळ लहान म्हणून तात्या तिला हलका माल म्हणायचे, बाजाराच्या हिशोबाने ते खरंच. पण दोघंच राहणारी तरुण जोडपी, त्यांना एवढा मोठा आंबा संपत नाही, त्यांनी लहान आंबा उचलून धरला, आणि वर तात्यांचाच नियम की मोठ्या फळात साक्याचा धोका जास्त, म्हणजे तक्रारीही कमी. तात्यांच्याच ज्ञानातून तिने तात्यांच्या मताविरुद्धचा निर्णय काढला.

आणि एक गोष्ट तिने तात्यांमुळे ठरवली ती म्हणजे मूळ लपवायचं नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांसाठी, तरी बाजारात कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून खपवणारे आहेतच. प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, देवगडचाच ना? वहिनी आता सरळ सांगते, हा रत्नागिरीचा आहे, हा राजापूरचा, देवगड पुढच्या आठवड्यात. हो, राजापूरचा म्हणजे शेजारच्या त्या काकांच्या बागेतला पण, त्यांचा माल तिला न बघता घेता येतो आणि काकांचं झाडांचं ज्ञान इथे उपयोगी पडलं.

आकडे. २०२४ ला १६५ पेट्या, तक्रारी ३१ डझनांच्या. २०२५ ला १९० पेट्या, तक्रारी २७ डझनांच्या. एक आठवण म्हणून, २०२३ च्या त्या एकाच खेपेत ४० पेट्यांत ७१ होत्या. साका अजूनही निघतो, निघणारच, पैसे अजूनही पूर्ण परत देते.

२०२५ चं जरा वेगळं सांगतो. त्या वर्षी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच वळवाचा पाऊस झाला, कोकणात पण आणि आपल्याकडे पण. वहिनीकडे मेच्या उत्तरार्धाच्या २६ ऑर्डरी होत्या, पैसे आलेले. तात्या गावी गेलेले, संगमेश्वरकडे, फोन लागेना. तिने तीनदा लावला. मग स्वतः पहाटे बाजारात गेली, पाच-सहा गाळ्यांवर पेट्यांत हात घातले, पेंढा दमट लागला, देठाजवळ बारीक डाग दिसायला लागले होते. घरी येऊन मला म्हणाली, भाऊजी, २६ जणांचे पैसे परत करायचेत, यूपीआय लावायला बसा. मी म्हटलं, तात्यांना विचारून मग करूया ना, दोन दिवस थांब. ती म्हणाली, दोन दिवसांत माल बघून मला आत्ता जेवढं कळलंय त्यापेक्षा जास्त कळणार नाही. संध्याकाळपर्यंत सगळे पैसे गेले. २६ मे ला मान्सून मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर कधी आल्याची नोंद नव्हती.

तात्यांचा फोन नंतर आला. तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हात घातला होतास ना?" हो म्हणाली. "मग मला कशाला फोन करत होतीस?"

यंदा वहिनीबरोबर घणसोलीच्या दोघीजणी बाजारात येतात, त्यांनाही आंब्याचं काम करायचंय. मी एका सकाळी गाडी घेऊन गेलो होतो तेव्हाचं. वहिनीने एका पेटीत हात घातला, काढला, म्हणाली, "परवा." त्यातली एक म्हणाली, ताई, कसं कळलं? वहिनीच्या तोंडून "कळ—" एवढं आलं आणि ती तिथेच थांबली. मग तिने त्या मुलीचा हात धरून पेटीच्या कोपऱ्यातून खाली घातला, तिसऱ्या थरापर्यंत.

"काय लागतंय?"

"थोडं गरम."

"थोडं म्हणजे किती? मघाच्या पेटीपेक्षा जास्त की कमी? आधी वहीत लिही, मग सांग."